गॅसवाहिनीचा नियंत्रण कक्ष: तपासणीत टिकतील अशा नोंदी कशा ठेवायच्या

नियंत्रण कक्षातली बहुतेक माणसं काम नीट करतात आणि लिहिताना फसतात. व्हॉल्व्ह वेळेवर बंद झालेला असतो, टेक्निशियन वेळेवर पोचलेला असतो, आणि तरी तपासणीत शेरा येतो. तपासणारा माणूस दोन कागद शेजारी ठेवतो आणि ते एकमेकांशी जुळतात का एवढंच बघतो. नोंदवहीत २:१०, स्काडात (वाहिनीचा दाब आणि व्हॉल्व्ह स्क्रीनवर दाखवणाऱ्या, चालवणाऱ्या संगणक प्रणालीत) १:५६, फोनच्या यादीत १:५०. झालं, पुढचे दोन तास खुलासे देण्यात जातात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, गोकाक भागातली डिप्लोमा आणि आयटीआय केलेली मुलं आता शहरी गॅस वितरणात, सीएनजी स्टेशनवर किंवा मोठ्या वाहिन्यांच्या ठाण्यांवर शिफ्ट करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या शिफ्ट इन्चार्जसाठी तर जास्तच. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. घड्याळ चुकीचं असताना नोंदवही सुधारत बसण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला: कोणाचा कायदा, कोणता कागद

वाहिन्या आणि शहरी गॅस जाळ्यांवर पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा, म्हणजे पीएनजीआरबीचा २००६ चा कायदा चालतो. त्याखाली शहरी गॅससाठी २००८ ची आणि मुख्य गॅसवाहिन्यांसाठी २००९ ची तांत्रिक व सुरक्षा मानकं आहेत, आपत्कालीन आराखड्याचे २०१० चे नियम आहेत. सीएनजी स्टेशनचा परवाना पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचा. त्यांचं मुख्यालय नागपूरला. ओआयएसडीची, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची मानकंही तपासणीत समोर येतात. या सगळ्यांची छापील प्रत कक्षात हवी. साहेबांच्या लॅपटॉपवर असून उपयोग नाही.

नियंत्रण कक्षापुरती मुद्देसूद यादी हवी असेल तर अमेरिकेच्या केंद्रीय नियमसंग्रहातला ४९ सीएफआर १९२.६३१ हा नियम वाचा. २००९ च्या डिसेंबरात तो प्रसिद्ध झाला. आपल्याला तो लागू नाही, पण जबाबदाऱ्या, शिफ्ट बदल, अलार्म, थकवा, बदलांची नोंद आणि प्रशिक्षण हे सगळं एका जागी आहे. स्वतःची परीक्षा घ्यायला मी तीच यादी वापरायला सांगतो.

पायरी १: सगळी घड्याळं एक करा

कक्षात किती घड्याळं आहेत ती मोजा. स्काडा सर्व्हर, फोन रेकॉर्डर, सीसीटीव्ही, हजेरीचं बोटाचं यंत्र, भिंतीवरचं घड्याळ, आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल. शिवाय दूरच्या ठाण्यांवरच्या आरटीयूंची (स्काडाला माहिती पाठवणाऱ्या यंत्रांची) वेळ वेगळी. यातलं एक घड्याळ प्रमाण ठरवा, शक्यतो स्काडाला जोडलेलं जीपीएस घड्याळ, आणि बाकी सगळी त्याच्याशी जुळवा.

दर सोमवारी सकाळच्या शिफ्टने प्रत्येक घड्याळातला फरक सेकंदांत लिहून ठेवायचा. फरक सापडला आणि लगेच दुरुस्त करता आला नाही, तरी तो लिहिलेला असणं महत्त्वाचं. ‘सीसीटीव्ही ४ मिनिटं पुढे, दुरुस्तीला कळवलं’ ही ओळ घटनेच्या आधीची असेल तर ती तुमची बाजू सांभाळते. नंतरची असेल तर सबब ठरते.

नोंदीत २४ तासांची वेळ लिहा. रात्रपाळीत बाराच्या ठोक्याला नव्या तारखेची ओळ ओढा. मध्यरात्रीनंतरच्या नोंदी आदल्या तारखेखाली पडणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. पगारपत्रकात ती खपून जाते, चौकशीत नाही.

*तपासून बघा:* कालच्या शिफ्टमधला कुठलाही एक अलार्म घ्या. स्काडा, नोंदवही आणि फोनची यादी या तीन ठिकाणी त्याची वेळ एका मिनिटाच्या आत जुळते का? जुळत नसेल तर दुसऱ्या पायरीवर जाऊ नका.

पायरी २: गावांची आणि फोनची यादी

आपल्या भागात ही पायरी इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे. बेळगाव आणि बेळगावी, निपाणी आणि निप्पाणी अशी नावं कागदोपत्री दोन्ही तऱ्हांनी येतात. कुडची रायबाग तालुक्यातही आहे आणि बेळगाव शहराला लागूनही. रात्री दोन वाजता ‘कुडचीत लीक आहे’ एवढंच लिहिलं, तर गाडी कुठे पाठवणार? प्रत्येक गावासमोर तालुका, जिल्हा आणि वाहिनीवरचा जवळचा मार्कर (खुणेच्या खांबाचा) क्रमांक असलेली यादी करा आणि टेबलावर काचेखाली ठेवा. शेताचा पत्ता घेताना कर्नाटकात आर. एस. नंबर आणि महाराष्ट्रात गट नंबर, दोन्हींसाठी वेगळे रकाने ठेवा.

फोनची यादी दोन्ही राज्यांची हवी. दाभोळ–बंगळूर गॅसवाहिनी महाराष्ट्रातून आपल्या जिल्ह्यात उतरते. वाहिनीला सीमा कळत नाही, पण पोलीस ठाण्याला कळते. कोगनोळी–कागल पट्ट्यात गळती झाली तर हद्द कोणाची याचा खल न करता दोन्हीकडे फोन लावायचा: बेळगावचं डीसी कार्यालय आणि कोल्हापूरचं कलेक्टर कार्यालय, दोन्हीकडची अग्निशमन केंद्रं, दोन्हीकडची पोलीस ठाणी.

*इशारा:* फक्त ११२ वर विसंबू नका. तो फोन तुम्ही जिथे बसलाय तिथल्या राज्याच्या केंद्राकडे जातो. गळती दुसऱ्या राज्यात असेल तर निरोप फिरून पोचेपर्यंत वेळ जातो. थेट नंबर लागतातच, आणि ते तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष लावून बघावे लागतात. कोणी उचलला, किती वाजता, हे लिहा.

पावसाळ्याची वेगळी पुरवणी जोडा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच बंद झाला होता. अशा वेळी पलीकडच्या ठाण्याला माणूस कोणत्या बाजूने पोचणार हे जूनच्या आधी ठरलेलं आणि लिहिलेलं हवं.

पायरी ३: नोंदवही

आधी वाईट नोंद बघा:

‘रात्री प्रेशर थोडं कमी झालं. फिल्डला कळवलं. ओके.’

आता तीच घटना नीट लिहिलेली (आकडे नमुन्याचे; डीआरएस म्हणजे शहरातलं दाब कमी करणारं ठाणं, स्ट्रीम म्हणजे तिथल्या समांतर नळ्यांपैकी एक):

‘०२:१४ डीआरएस-३ आउटलेट ४.० वरून ३.४ बार, ६ मिनिटांत. लो प्रेशर अलार्म आला, ०२:१५ ला स्वीकारला. ०२:१६ फिल्ड टेक्निशियनला फोन, उचलला नाही. ०२:१८ पुन्हा फोन, उचलला, निघतो म्हणाला. ०२:१९ शिफ्ट इन्चार्जना कळवलं. ०२:४१ टेक्निशियन जागेवर. चालू स्ट्रीमचा फिल्टर तुंबलेला, दुसऱ्या स्ट्रीमवर घेतलं. ०२:५५ आउटलेट ४.० बार. फिल्टर साफ करणं बाकी, सकाळच्या शिफ्टकडे.’

न उचललेला फोनही लिहिलाय, हे बघा. पोरं तो गाळतात, कारण सहकाऱ्याची तक्रार केल्यासारखं वाटतं. पण फोनच्या यादीत तो आहेच. तुम्ही गाळलात की पुढच्या सगळ्या नोंदींवर संशय येतो. आणि ‘ओके’ हा शब्द नोंदवहीतून हद्दपारच करावा असं माझं मत आहे. काय ओके? किती बारवर ओके? कोणी बघितलं?

काही नियम घट्ट पाळा. पानांवर छापील क्रमांक असलेली, बांधलेली वही. निळं किंवा काळं बॉलपेन. चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ. व्हाइटनर टेबलावरच नको. रिकामी जागा सोडायची नाही. पान अर्धं राहिलं तर तिरकी रेघ. थर्मल कागदावरच्या छापील पट्ट्या काही महिन्यांत पुसट होतात, त्यांची त्याच दिवशी झेरॉक्स काढून दोन्ही एकत्र लावा. खानापूरच्या पावसात कपाटातल्या वह्यांची पानं चिकटतात, तेव्हा जमिनीलगतचा खण वापरू नका.

नोंद राहून गेली तर? मागच्या ओळींच्या मध्ये घुसवू नका. आत्ताच्या ओळीवर ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहा, घडल्याची वेळ आणि लिहिल्याची वेळ दोन्ही द्या, उशीर का झाला ते अर्ध्या ओळीत सांगा. प्रामाणिक उशिराला सहसा शेरा मिळतो. बनावट वेळेला त्याहून बरंच काही मिळतं.

*इशारा:* स्काडाचा लॉगिन प्रत्येकाचा वेगळा हवा. ‘ऑपरेटर १’ नावाने तिघे काम करतात आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, हे चित्र फार ठिकाणी आहे. मग व्हॉल्व्हची आज्ञा कोणी दिली हे कुठल्याच कागदावरून सिद्ध होत नाही, आणि खरं काम केलेला माणूसही त्यात अडकतो.

पायरी ४: बाहेरून आलेला फोन

२०१० च्या जुलैत अमेरिकेत मिशिगनमधल्या मार्शलजवळ एन्ब्रिजची तेलवाहिनी फुटली. शेकडो मैल दूरच्या नियंत्रण कक्षाला अलार्म येत होते, पण त्यांचा वेगळाच अर्थ लावला गेला आणि वाहिनी दोनदा पुन्हा सुरू केली गेली. १७ तासांहून जास्त वेळ गेल्यावर तिथल्या गॅस कंपनीच्या माणसाचा फोन आला, तेव्हा कुठे गळती कळली. म्हणून शेतकऱ्याच्या फोनला अलार्मइतकंच वजन द्या.

आपल्याकडे फोन असा येतो: ‘साहेब, बांधाखाली सुस्स आवाज यायलाय बघा, जेसीबी लावला होता सकाळी.’ हे शब्द जसेच्या तसे लिहा. नोंदवही इंग्रजीत असली तरी चालेल, फोन करणाऱ्याचं वाक्य मराठीत किंवा कानडीत, त्याने म्हटलं तसंच. ‘पब्लिक कंप्लेंट, लीकेज’ असं आवरून लिहिलं की आवाज गेला, जेसीबी गेला, सकाळची वेळ गेली.

विचारायचा क्रम ठरवून टाका. माणूस आधी लांब गेलाय का, विडी-काडी आणि गाडीचं इंजिन बंद आहे का. मग गाव, तालुका, मार्कर क्रमांक. मग काय दिसतं, काय ऐकू येतं. नाव आणि फोन नंबर शेवटी, पण घ्यायचाच.

*इशारा:* ‘वास येतो का?’ या एका प्रश्नावर निर्णय घेऊ नका. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. मर्कॅप्टन हे वासाचं रसायन साधारणपणे शहराच्या प्रवेश ठाण्यावर मिसळतात. मुख्य वाहिनीतल्या वायूला बहुधा वास नसतोच. तिथे शिट्टीसारखा आवाज, उडणारी माती, ओढ्याच्या पाण्यात बुडबुडे, एका पट्ट्यातच करपलेला ऊस किंवा गवत यांची चौकशी करायची.

उसाची खोल नांगरट, बोअरवेल, शेततळं यांची पूर्वसूचना देणारे फोनही याच वहीत. १९६२ च्या वाहिनी कायद्याने त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळं आणि झाडं यांना मनाई आहे, पण शेतकऱ्याने आधी विचारलं होतं की नव्हतं हे पुढे तुमच्याच नोंदीवरून ठरतं.

पायरी ५: शिफ्ट बदल

जाणाऱ्याने लिहायचं, येणाऱ्याने वाचायचं, मग दोघांनी स्क्रीनसमोर उभं राहून बोलायचं, आणि मगच सह्या. चहाच्या टपरीवर झालेला हँडओव्हर म्हणजे हँडओव्हर नव्हे. फॉर्ममध्ये किमान एवढं हवं: चालू असलेले अलार्म, बंद करून ठेवलेले अलार्म, हाताने भरलेली (उपकरणाकडून न आलेली) मूल्यं, चालू कामाचे परवाने, अर्धवट राहिलेली कामं, आणि ‘मला अजून कळलं नाही’ असं काही. हा शेवटचा रकाना आवर्जून ठेवा. आधीच्या शिफ्टने लावलेला चुकीचा अर्थ पुढची शिफ्ट तसाच उचलते, ते टाळायचा हाच मार्ग.

सह्या आगाऊ करून ठेवू नका. महिन्याच्या शेवटी एका पेनाने, एका बैठकीत केलेल्या तीस सह्या ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

गणपतीत, गावच्या यात्रेला अदलाबदल होतेच. होऊ द्या, पण रोस्टरवर इन्चार्जची सही घेऊन. रोस्टरवर एक, हजेरी यंत्रात दुसरा आणि लॉगिन तिसऱ्याचं, असं झालं की त्या रात्रीची एकही नोंद विश्वासार्ह राहत नाही.

थकव्याचा हिशेबही इथेच करा. अमेरिकी नियम सलग आठ तास झोपेला पुरेल एवढी सुट्टी दोन पाळ्यांत मागतो. निपाणीहून बेळगावला ये-जा करणाऱ्याची १२ तासांची पाळी धरा. बसचे तीन तास गेले, उरले नऊ. त्यात आंघोळ, जेवण, घरचं काम. आठ तासांची झोप कुठे बसते? कागदावर रोस्टर नियमात असेल, पण तासांच्या रकान्याशेजारी प्रवासाचा रकाना जोडला की इन्चार्जला खरी गोष्ट दिसते.

पायरी ६: अलार्म

सगळे अलार्म तपासायला बसलात तर कधीच होणार नाही. महिन्यातून एकदा चार याद्या काढा: दाबून ठेवलेले अलार्म, स्कॅनवरून काढलेले (स्काडाने वाचणं बंद केलेले) पॉइंट, ठरलेल्या मुदतीनंतरही हाताने भरलेलीच राहिलेली मूल्यं, आणि खोटे ठरलेले अलार्म. प्रत्येक ओळीसमोर कोणी केलं, का केलं, कधीपर्यंत. उत्तर नसेल तर तो पॉइंट त्याच दिवशी पूर्ववत करा किंवा दुरुस्तीला लावा.

वर्षातून एकदा अलार्मच्या मर्यादा मंजूर यादीशी पडताळा. रात्री सारखा वाजतो म्हणून कोणीतरी लो प्रेशरची मर्यादा खाली ओढलेली सापडते. सापडली तर गुपचूप परत वर करू नका. आधी लिहा, मग बदल करा.

पायरी ७: बदल आणि कामाचे परवाने

२०१० च्याच सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनोला गॅसवाहिनी फुटून ८ माणसं गेली. त्या दिवशी दूरच्या एका ठाण्यावर यूपीएसचं काम चालू होतं, त्यातून दाब वाढला. आणि जी नळी फुटली ती कंपनीच्या नोंदीत बिनजोडाची होती, प्रत्यक्षात तिला जोड होता. वायू थांबवायला ९५ मिनिटं लागली.

त्यातून दोन कामं निघतात. बॅटरी, यूपीएस, वायरिंगचं ‘साधं’ काम असलं तरी परवान्यावर लिहा: कोणता सिग्नल जाईल, व्हॉल्व्ह कोणत्या स्थितीला जाईल, तोवर दाब कोण बघेल. दुसरं, फिल्डवर एखादं उपकरण नवं लागलं किंवा हललं की स्क्रीन आणि जागा यांची एकेक बिंदू पडताळणी. एक माणूस उपकरणापाशी, एक स्क्रीनपाशी, फोनवर: ‘मी आता बंद केला, तुला काय दिसतंय?’ दोघांची सही, दोघांची वेळ. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात नवा ग्राहक जोडताना ही पडताळणी ‘नंतर करू’ म्हणून राहते आणि मग टॅगच्या (स्क्रीनवर उपकरणाला दिलेल्या) नावांची अदलाबदल वर्षभर कोणाला कळत नाही.

*तपासून बघा:* भिंतीवरचा नकाशा, स्काडाचं चित्र आणि वाहिनीची नोंद या तिन्हींवर शेवटच्या बदलाची तारीख एकच आहे का?

पायरी ८: पर्यायी व्यवस्था चालवून बघा

वर्षातून एकदा मुख्य संपर्क खरोखर बंद करून पर्यायी संपर्कावर, आणि पर्यायी स्काडावर काम करून बघा. अहवालात अडलेलं लिहा. ज्या सरावात काहीच अडलं नाही, तो सराव झाला असं मानायला मी तयार नसतो, आणि तपासणाराही नसतो.

पायरी ९: घटना घडली तर

जीव आणि व्हॉल्व्ह आधी. त्यानंतर लगेच नोंदी गोठवा. फोन रेकॉर्डर, सीसीटीव्ही आणि स्काडाचा साठा ठरावीक दिवसांनी स्वतःवरच नवं लिहितात. कोणी मागेपर्यंत थांबलात तर मागायला काही उरत नाही. प्रत काढा, सीलबंद करा, कोणी कधी काढली ते लिहा. मोठ्या घटनेची खबर ताबडतोब आणि अहवाल ४८ तासांत पीएनजीआरबीला जायला हवा. तो अहवाल कक्षातल्या नोंदीवरून लिहा, आठवणीवरून नको. एखादी गोष्ट तोवर कळलेली नसेल तर ‘तपास चालू’ लिहा. अंदाज लिहिलात की तो पुढे तुमचा जबाब ठरतो.

*इशारा:* घटनेनंतर वही ‘सुवाच्य करून’ पुन्हा लिहू नका, मूळ पान फाडू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा फौजदारी गुन्हा आहे, आणि तो कंपनीच्या नावावर जात नाही, करणाऱ्याच्या नावावर जातो.

पायरी १०: तपासणीचा दिवस

आदल्या आठवड्यात नवं काही भरू नका, फक्त शोधून ठेवा. तपासणाऱ्याने तारीख सांगितली की पाच मिनिटांत त्या तारखेची वही, अलार्मची यादी, रोस्टर आणि परवाना टेबलावर यायला हवा. याचा सराव एकमेकांत करा.

प्रश्न विचारला तेवढंच उत्तर द्या. माहीत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा आणि खरंच बघून सांगा. मागितलेल्या आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. तोंडी काढलेली त्रुटी त्याच संध्याकाळी लिहून काढा, लेखी पत्र यायच्या आत काम सुरू होतं.

पायरी ११: नोटीस आली तर

२००६ च्या कायद्याच्या कलम २८ नुसार अटींचं उल्लंघन झालं तर प्रत्येक उल्लंघनाला १ कोटी रुपयांपर्यंत दिवाणी दंड होऊ शकतो, आणि ते चालूच राहिलं तर रोजचे १० लाखांपर्यंत जादा. त्यामुळे उत्तराचा मसुदा लांबवण्यापेक्षा चूक आधी थांबवा, आणि ती कधी थांबली याची वेळेसकट नोंद करा. उत्तर मुद्द्यागणिक द्या: काय मान्य, काय अमान्य, कोणता कागद जोडला. अमान्य असेल तर त्याच कागदाचा पान क्रमांक. ‘यापुढे काळजी घेऊ’ हे उत्तर नव्हे. कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, हे उत्तर.

मंडळाच्या आदेशाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे जायची मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. म्हणून आवक नोंदवही सांभाळा. टपाल शनिवारी संध्याकाळी गेटवरच्या वॉचमनने घेतलं आणि सोमवारी दुपारी साहेबांच्या टेबलावर आलं, तर दोन दिवस तिथेच गेले. वॉचमनलाच तारीख-वेळेचा शिक्का द्या, लिफाफा फेकू नका, आणि डीसी किंवा तहसील कार्यालयातून कानडीत आलेल्या पत्राचा आशय त्याच दिवशी एका ओळीत आवक वहीत उतरवून संबंधिताची सही घ्या.